कापडी पिशवीचा हिशेब



23 मार्च 2018 रोजी महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना निघाली आणि 23 जूनपासून ती लागू झाली. तेव्हापासून सातारा-सांगलीत सत्कार असो, वाढदिवस असो की दुकानाचं उद्घाटन, नाव छापलेली नवी कोरी कापडी पिशवी हातात पडते. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण घरोघरी खुंटीवर या पिशव्यांचा ढीग साचला आहे, आणि त्याची मला मनापासून काळजी वाटते.

कापसाला पाणी लागतं, खत लागतं, फवारणी लागते. पुढे सूतगिरणी, माग, रंगाई. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने 2018 सालीच हा हिशेब मांडला. हवामानावरचा परिणाम तेवढाच धरला, तरी सुती पिशवी निदान 52 वेळा वापरावी लागते. तेव्हा कुठे ती एका प्लॅस्टिक पिशवीच्या बरोबरीला येते. उघड्यावर फेकलेल्या प्लॅस्टिकचा त्रास मात्र या हिशेबात धरलेला नाही. आपल्याकडे ते गटारं तुंबवतं, गाईच्या पोटात जातं; 2019 सारखा कृष्णेचा महापूर आला की उसाच्या रानातही शिरतं. म्हणून बंदी हवीच. आणि एक सांगतो, कापडासारख्या दिसणाऱ्या त्या रंगीत, हलक्या पिशव्या बहुतेक पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्याच असतात.

मग पिशवी कशी असावी? पहिली गोष्ट, कापड घरातलंच जुनं असावं. आपल्या भागातल्या बायका पिढ्यानपिढ्या फाटक्या लुगड्यांच्या वाकळी शिवत आल्या आहेत. विरलेलं कापड कुठे दुहेरी घ्यायचं, धावदोरा किती जवळ घालायचा, हे त्यांच्या बोटांना ठाऊक आहे. पिशवी बहुधा बंदापाशी उसवते. तिथे साडीचा काठ दुमडून, चौकोनी टीप घालून पक्का करावा. तळाला रुंद पट्टी द्यावी, म्हणजे खाली बटाटे आणि वर टोमॅटो नीट बसतात. ओल्या मेथी-कोथिंबिरीसाठी वेगळी, पटकन धुऊन वाळणारी पातळ पिशवी हवी. आणि घडी खिशात मावली पाहिजे, कारण घरी विसरलेल्या पिशवीचा बाजारात काही उपयोग नाही.

बचत गटांकडून अशा पिशव्या शिवून घेताना सगळ्यात स्वस्त दर शोधू नये. टीप दुहेरी हवी असेल तर मजुरीही तशी द्यावी लागेल. घाईत, कमी पैशांत शिवलेली पिशवी महिन्यात उसवते आणि कापडही वाया जातं, कष्टही.

नगरपालिकांना आणि ग्रामपंचायतींना माझी एक विनंती आहे. आठवडी बाजाराच्या तोंडाशी बचत गटाला एक टेबल द्या. अनामत ठेवून पिशवी न्यावी, पुढच्या बाजारी परत करून पैसे घ्यावेत. उसवलेली पिशवी तिथेच शिवून मिळावी. त्यासाठी एक शिलाई मशीन आणि सावलीची जागा, एवढ्यावर सुरुवात करता येईल.