कृत्रिम पाय, कॅलिपर, ब्रेस : चावत असेल तर सांगा, खुंटीला टांगू नका



आपल्यापैकी कोणी कृत्रिम पाय वापरत असेल, कोणाच्या पायात कॅलिपर असेल, तर कोणी आपल्या लेकराच्या ब्रेसविषयी विचारावयास आले असेल. साधन मिळाले की उपचार संपला, असा आपला समज असतो. वस्तुतः त्या दिवशी उपचाराचा उत्तरार्ध सुरू होतो आणि तो बहुतांशी आपल्या घरीच पार पडतो.

परिचारिका म्हणून काम करीत असताना मी एका घरी गृहभेटीस गेले होते. दारामागे खुंटीला कृत्रिम पाय टांगलेला होता आणि घरातील काका कुबड्यांवर चालत होते. कारण विचारले तेव्हा संकोचून म्हणाले, "चावतो हो, ताई. पण फुकट मिळालेल्या वस्तूची तक्रार कोणत्या तोंडाने करायची?" सॉकेटचा काठ थोडा घासून देणे, एवढेच काम होते. ते न झाल्यामुळे पाय कित्येक महिने खुंटीवर राहिला आणि तेवढ्या काळात त्यांचा गुडघा आखडला. पुढे पाय बसविण्याआधी गुडघा सरळ करण्यासाठी त्यांना दीर्घकाळ व्यायाम करावा लागला.

तक्रार करणे म्हणजे कृतघ्नता नव्हे. जयपूर फूटचा इतिहास हेच सांगतो. पूर्वी मिळणाऱ्या कृत्रिम पायाला बूट घालावा लागे. त्याने उकिडवे बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, शेतातील चिखलात अनवाणी चालता येत नसे. म्हणून अनेकजण तो पाय टाकून पुन्हा कुबड्यांकडे वळत. त्यांची ही अडचण ओळखून जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात कारागीर रामचंद्र शर्मा आणि शल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ च्या सुमारास रबराचा, अनवाणी चालता येईल असा पाय घडविला. वापरणाऱ्याची अडचण ऐकली गेली, म्हणून साधन सुधारले.

आता घरी पाळावयाच्या गोष्टी.

पाय कापल्यानंतर उरलेल्या भागास दवाखान्यात स्टंप म्हणतात. तो रोज रात्री सौम्य साबणाने धुऊन पूर्ण कोरडा करावा. सकाळी धुतल्यास त्वचा ओलसर राहते आणि सॉकेटमध्ये घासली जाते. पाय चढविण्यापूर्वी तेल किंवा मलम लावू नये. स्टंपवरील केस वस्तऱ्याने काढू नयेत. स्टंपचा मोजा रोज धुतलेला असावा व त्यास सुरकुती नसावी. सॉकेट आतून ओल्या फडक्याने पुसून रात्रभर वाळू द्यावे. पावसाळ्यात याची विशेष काळजी घ्यावी.

पाय काढल्यावर स्टंप सर्व बाजूंनी पाहावा. मागील बाजूसाठी हातआरसा वापरावा. लाली दिसल्यास घड्याळाकडे पाहावे. वीस मिनिटांनंतरही ती मावळली नाही, फोड आला किंवा त्वचा सोलली, तर पाय चढवू नये आणि त्वरित केंद्रात दाखवावे. मधुमेह असलेल्यांनी हे एक दिवसही चुकवू नये. त्यांना वेदना जाणवत नाही, जखम लवकर भरत नाही आणि लहानशा फोडातून पसरलेल्या संसर्गामुळे पाय आणखी वरून कापण्याची वेळ येऊ शकते. दुसरा पायही तितक्याच काळजीने तपासावा.

दिवसभरात स्टंप थोडा आक्रसतो व सकाळी घट्ट बसलेला पाय दुपारी सैल होतो. अशा वेळी आणखी एक मोजा चढवावा. मोज्यांची संख्या वाढतच गेली, तर सॉकेट बदलण्याची वेळ आली आहे असे समजावे. चपलेच्या टाचेची उंची स्वतःहून बदलू नये. त्याने चालण्याचा तोल बिघडतो.

झोपताना गुडघ्याखाली किंवा मांडीखाली उशी घेऊ नये. तिने तात्पुरता आराम वाटतो, पण सांधा आखडतो. डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर दिवसातून काही वेळ पालथे झोपावे. रात्री अर्धवट झोपेत पाय नाही याचा विसर पडतो आणि माणूस पडतो. म्हणून कुबड्या खाटेशी हाताजवळ असाव्यात. नसलेल्या पायात दुखते असे वाटल्यास तो मनाचा खेळ समजून गप्प राहू नये. ती खरी वेदना आहे आणि तिच्यावर उपचार आहेत.

लकव्यानंतर किंवा पोलिओमुळे कॅलिपर अथवा स्प्लिंट वापरणाऱ्यांनी आत सुती मोजा घालावा, पट्टे व खिळे तपासावेत आणि बूट घालण्यापूर्वी त्यात हात फिरवून खडा नाही ना, हे पाहावे.

जन्मतः वाकडे असलेले पाऊल प्लास्टरने सरळ झाले, की पालकांना ब्रेस अनावश्यक वाटतो. येथेच चूक होते. साधारणपणे पहिले तीन महिने दिवसातील २३ तास आणि पुढे चार-पाच वर्षांचे होईपर्यंत झोपेच्या वेळी ब्रेस घालावा लागतो. तो लवकर सोडल्यास पाऊल पुन्हा वळते. बाळ रडले म्हणून ब्रेस बंद करू नका. बाळाला घेऊन केंद्रात या. कृत्रिम पाय असलेल्या मुलांचे साधनही वाढत्या वयानुसार वेळोवेळी बदलावे लागते.

कुटुंबीयांस विनंती, की आपल्या माणसाला मदत करा. मात्र त्याचे प्रत्येक काम हातातून काढून घेऊ नका. चालणे चालण्यानेच सुधारते.

खर्चाच्या चिंतेने घरी थांबू नका. केंद्र शासनाच्या एडीआयपी योजनेतून पात्र दिव्यांगांना उत्पन्नाच्या ठरलेल्या मर्यादेत साहाय्यक साधने मिळतात. त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. जिल्हा रुग्णालयात किंवा जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्रात प्रमाणपत्र, युडीआयडी कार्ड आणि योजनेविषयी चौकशी करावी.

आज घरी गेल्यावर एवढे करा. साधन कोपऱ्यात पडून असेल तर ते बाहेर काढा, कोठे चावते ते नेमके लक्षात ठेवा आणि साधनासह केंद्रात या. त्याची दुरुस्ती करणे हे आमचे काम आहे. दुखते हे सांगणे आपले.