लक्ष्मीबाई टिळक : भक्ती, भजन आणि सेवा
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या प्रसंगी एखाद्या कर्तृत्ववान मराठी स्त्रीवर चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा कार्यकारिणीने मला केली. तेव्हा माझ्यासमोर पहिले नाव आले ते लक्ष्मीबाई टिळकांचे. 'स्मृतिचित्रे'च्या लेखिका म्हणून त्या आपल्या परिचयाच्या आहेत. शाळेच्या पुस्तकातून त्यांचा एखादा उतारा आपल्यापैकी अनेकांनी वाचला असेल आणि वाचताना मनसोक्त हसलाही असाल. परंतु आज मला त्यांच्या विनोदाविषयी बोलायचे नाही. ज्या स्त्रीचे घर, धर्म आणि गाव आयुष्यात एकामागून एक बदलत गेले, तिने आपली भाषा आणि आपले गाणे कसे सांभाळले, आणि त्या दोहोंतून आपल्या समाजाची सेवा कशी केली, हे मला आपल्यासमोर मांडायचे आहे. आपण सारे घरापासून दूर, यमुनेच्या काठी येऊन राहिलेलो. म्हणून हा प्रश्न आपलाही आहे, असे मला वाटते.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ मधला. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले, गाव नाशिकजवळचे जलालपूर. घरात सोवळ्याओवळ्याचा अतिरेक होता. १८५७ च्या बंडानंतर आजोबांना फाशी झाली. त्या आघाताने वडिलांच्या मनाने सोवळ्याचा असा काही ध्यास घेतला, की बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही असा दंडक झाला. लक्ष्मीबाईंनी हे सारे 'स्मृतिचित्रे'त लिहिले आहे, पण त्यात वडिलांविषयी कडवटपणा कोठेही आढळत नाही. अकराव्या वर्षाच्या सुमारास त्यांचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. टिळक कवी होते, विद्वान होते आणि मनस्वीही होते. हातात आलेला पैसा टिकत नसे आणि एका गावात पायही ठरत नसे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या मुलीने अशा माणसाचा संसार मांडला.

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गृहस्थाने टिळकांना बायबलचा नवा करार वाचावयास दिला. आगगाडीच्या एका प्रवासाने माणसाचे सारे आयुष्य कसे बदलते, हे दिल्लीच्या गाडीत बसून आलेल्या आपणांस निराळे सांगावयास नको. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या दिवसापासून लक्ष्मीबाईंची स्थिती विलक्षण झाली. पती हयात आहे पण त्याच्या घरात पाऊल टाकता येत नाही. सौभाग्य आहे पण संसार नाही. लहानग्या दत्तूला घेऊन त्यांनी नातलगांच्या आश्रयाने दिवस काढले, त्यांतले काही पंढरपुरात. दुःख बोलून दाखविण्याची सोय नव्हती, तेव्हा ते कवितेतून वाहू लागले. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशी टिळकांची स्वतःची धारणा होती. पती त्या पुलावरून पलीकडे गेला आणि पत्नी मागे विठ्ठलाच्या गावी राहिली. दोघांच्याही ओठांवर मराठी अभंगच होता, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

पुढे त्या टिळकांकडे अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, गेल्या. गेल्या त्या धर्म बदलण्यासाठी नव्हे. पतीच्या जवळ राहायचे, पण चूल वेगळी ठेवायची, असा त्यांचा निश्चय होता. टिळकांनीही त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. वेगळ्या चुलीजवळ बसून या बाईने जातीचा विचार केला. कोणी सांगितले म्हणून नव्हे, आपल्याच बुद्धीने. देवाने माणसे केली, जाती माणसांनी केल्या, या निष्कर्षाला त्या आल्या आणि वागणुकीत त्यांनी तो उतरविला. जातिभेद त्यांनी आधी सोडला, बाप्तिस्मा नंतर, १९०० मध्ये घेतला. हा क्रम आपण ध्यानात घ्यावा. त्यांच्या पुढच्या साऱ्या सेवेचे मूळ येथे आहे.

तो काळ दुष्काळाचा आणि प्लेगचा होता. १८९९-१९०० च्या दुष्काळाने महाराष्ट्रातील गावेच्या गावे उजाड केली. पोरकी झालेली मुले लक्ष्मीबाईंच्या घरी येऊ लागली. कोणाची जात कोणती, हे विचारण्याचे दिवस त्यांच्यापुरते संपले होते. घरात पैसा थोडा आणि खाणारी तोंडे पुष्कळ, तरी पंगत मोडली नाही. पुढे याच घरात त्र्यंबक बापूजी ठोंबरे हा हळव्या मनाचा तरुण येऊन राहिला. ते आपले बालकवी. टिळकांनी त्यांच्यातला कवी ओळखला आणि लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलाप्रमाणे वाढले. १९१८ मध्ये रेल्वेच्या अपघातात बालकवी गेले. मराठीतल्या निसर्गकवितेचे हे कोवळे रोप ज्या अंगणात वाढले, त्या अंगणाला पाणी घालणारे हात कोणाचे होते, हे वाङ्मयाच्या इतिहासात फारसे कोणी लिहीत नाही.

आता संगीताकडे वळू. अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत १८१३ मध्ये आणि नगरला १८३१ मध्ये सुरू झाले. आरंभीच्या काळात चर्चमध्ये गायली जाणारी बरीचशी गीते इंग्रजीतून भाषांतरित केलेली आणि विलायती चालींवरची होती. शब्द मराठी, पण घाट परका. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगरला ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला. टिळकांनी त्या पायावर मंदिर उभारले. अभंग, ओवी आणि पद या आपल्या परंपरागत रचनांतून त्यांनी शेकडो भजने लिहिली. मराठी चर्चच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात त्यांचा वाटा फार मोठा आहे. पेटी, तबला आणि टाळ यांच्या साथीने ही भजने आजही गायली जातात. डोळे मिटून ऐकले, तर आपण देवळात बसलो आहोत की चर्चमध्ये, हे चटकन सांगता येऊ नये, इतकी ती आपल्या मातीतली आहेत.

मात्र हे काही नव्याने घडले असे नाही. १६१६ मध्ये गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले, तेही मराठी ओवीतच. इंग्लंडहून आलेल्या त्या धर्मोपदेशकाला गोमंतकातील लोकांशी बोलताना ओवीचाच आधार घ्यावासा वाटला. ओवी ही जात्यावरची, पाळण्याजवळची आणि ज्ञानेश्वरीचीही. तिला कोणी परके नाही.

टिळकांनीही आयुष्याच्या उत्तरार्धात ख्रिस्तचरित्रावर 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध महाकाव्य लिहावयास घेतले होते. १९१७ मध्ये मिशनच्या नोकरीतून ते मुक्त झाले आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. 'ख्रिस्तायना'चे आरंभीचे थोडे अध्यायच तेवढे हातून उतरले होते. श्रोतेहो, यापुढे घडले ते मला लक्ष्मीबाईंच्या आयुष्यातील सर्वांत मोठे कार्य वाटते. पन्नाशी ओलांडलेल्या आणि शाळेत कधी न गेलेल्या या विधवेने पतीचे अपुरे महाकाव्य पुरे करण्याचा भार उचलला. थोडेथोडके नव्हे, साठांहून अधिक अध्याय त्यांनी रचले. ग्रंथाचा शेवट त्यांचे पुत्र देवदत्त यांनी केला आणि १९३८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तो पाहण्यास लक्ष्मीबाई राहिल्या नव्हत्या. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला त्या निवर्तल्या.

हे अध्याय त्यांनी निवांत अभ्यासिकेत बसून लिहिले, अशी आपली समजूत होऊ नये. पतीच्या निधनानंतर पोटासाठी त्यांनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहात देखरेखीचे काम केले. पुढे मुलाच्या कुटुंबासह त्या कराचीस जाऊन राहिल्या. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात असली, तरी बोली निराळी, हवा निराळी. म्हणजे लक्ष्मीबाईही काही काळ आपल्यासारख्याच बृहन्महाराष्ट्रातल्या होत्या. परक्या शहरात, नातवंडांच्या गलबल्यात, घरकाम उरकून त्यांनी ओव्या जुळविल्या. 'स्मृतिचित्रे'चे भाग १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागले आणि मराठी वाचक थक्क झाला. पंडिती अलंकार नाहीत, प्रौढी नाही. ओसरीवर बसून एखादी आजी बोलावी तशी ती भाषा आहे. विजया मेहता यांनी त्यावर दूरचित्रवाणीसाठी चित्रपट केला. शांता गोखले यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर २०१७ मध्ये आपल्या या दिल्लीतूनच प्रकाशित झाले. आपल्या नातवंडांना मराठी वाचता येत नसेल, तर निदान तेथून तरी त्यांनी आरंभ करावा.

या चरित्रापासून आपण काय घ्यावे? मला दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली अशी, की भाषा सभेतल्या ठरावांनी टिकत नाही. ती स्वयंपाकघरात, पंगतीत, अंगाईत आणि भजनात टिकते. लक्ष्मीबाईंच्या हाती सत्ता, पदवी, पैसा यांपैकी काहीही नव्हते. दुसऱ्याचे मूल जेवू घालणे, आजाऱ्याजवळ बसणे, अपुरे राहिलेले काम न कुरकुरता पुढे नेणे, ही त्यांची समाजसेवा. आपल्या मंडळाची पन्नास वर्षेही अशाच हातांनी पार पाडली आहेत. अहवालात अध्यक्षांची आणि कार्यवाहांची नावे येतात, आणि ती यावीतही. पण गणेशोत्सवात पहाटेपासून मोदकांची उकड काढणाऱ्या, नव्याने बदली होऊन आलेल्या कुटुंबाला पहिल्या दिवशी डबा पोहोचविणाऱ्या, रविवारी मुलांना बाराखडी गिरवायला लावणाऱ्या भगिनींची नावे त्यात नसतात. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांना वंदन करणे हे मी माझे कर्तव्य समजते.

दुसरी गोष्ट सांगताना मी थोडी भीडमुर्वत सोडणार आहे. आपण क्षमा कराल असा विश्वास आहे. आपण स्वतःस 'मराठी मंडळ' म्हणवितो. मग आपल्या हळदीकुंकवाचे, कोजागिरीचे आणि दिवाळी पहाटेचे आमंत्रण कोणाकोणाच्या दारापर्यंत जाते? या राजधानीच्या परिसरात नगरची, सोलापूरची, वसईची मराठी ख्रिस्ती कुटुंबेही नोकरीधंद्यासाठी येऊन राहिलेली आहेत. त्यांच्या घरी मराठीच बोलली जाते आणि नाताळात करंज्यांचा घाणा तेथेही पडतो. १९७० मध्ये नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. तेव्हापासून नगरची ती जुनी चर्चे आणि राष्ट्रपती भवनाजवळचे आपले कॅथीड्रल एकाच संस्थेची आहेत. म्हणजे टिळकांचे भजन ज्या परंपरेत वाढले, तिचे दार आपल्या शहरातही आहे. पण नगरच्या एखाद्या ख्रिस्ती भगिनीस आपल्या कार्यक्रमात येताना 'मला तेथे कोण ओळखणार' असे वाटत असेल, तर पन्नास वर्षांच्या आपल्या हिशेबात एक रकाना रिकामा राहिला, असेच म्हणावे लागेल. लक्ष्मीबाईंना त्यांच्याच माणसांनी काही वर्षे परके केले होते. मराठीने मात्र त्यांना कधीही परके केले नाही. मंडळाने मराठीहून अधिक सोवळे का असावे?

माझी नम्र सूचना अशी, की येत्या वर्षी मंडळाने एक भजनसंध्या करावी. तीत ज्ञानदेव, तुकाराम आणि जनाबाई यांच्या अभंगांबरोबर नारायण वामन टिळकांची भजनेही गायली जावीत, आणि ती गाण्यासाठी आपल्याच शहरातील मराठी ख्रिस्ती बंधुभगिनींना सन्मानाने बोलवावे. 'ख्रिस्तायना'तील एखादा अध्याय कोणी भगिनीने ओवीच्या चालीवर म्हणावा. त्यासाठी मोठा खर्च नाही आणि सभागृहही हेच पुरेल. लागेल ते एवढेच, की कोणीतरी आमंत्रण घेऊन स्वतः त्यांच्या दारापर्यंत जावे. कार्यकारिणीची अनुमती असेल, तर ते काम मी आनंदाने पत्करीन.

लक्ष्मीबाईंच्या कवितासंग्रहाचे नाव 'भरली घागर' असे आहे. गोदावरीकाठी भरलेली ती घागर त्यांनी नगर, मुंबई आणि कराचीपर्यंत वाहून नेली आणि वाटेत भेटलेल्या तहानेल्याला पाणी देताना त्याची जात विचारली नाही. आपणही आपापल्या गावच्या नदीचे पाणी घेऊन यमुनेकाठी आलो आहोत. पुढील पन्नास वर्षांत ते आटू नये आणि ते पिण्यास कोणाला संकोच वाटू नये, एवढीच प्रार्थना करते.