शाळेच्या रंगमंचावरील शायलॉक

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने आम्हां उभयतांना नेहमीप्रमाणे रक्तदाब व मधुमेह या विषयावर बोलण्याची आज्ञा केली होती. गेली कित्येक वर्षे आम्ही दोघे या व्यासपीठावरून मीठ कमी करा, जेवणानंतर चालायला जा, असे सांगत आलो आहोत, आणि सभागृहाच्या मागील बाजूस त्याच वेळी समोशांचा समाचार घेतला जात असल्याचेही पाहत आलो आहोत. यंदा अनुमती घेऊन विषय बदलला आहे. आमच्या कन्येला शाळेत बसविलेल्या शेक्सपिअरच्या एका नाटकातून अभिनयाचा ध्यास लागला, त्याविषयी आज बोलावयाचे आहे. ही केवळ आमच्या घरातील गोष्ट असती तर ती आम्ही घरातच ठेवली असती. परंतु आपल्यातील आणखी काही कुटुंबांत हाच प्रश्न उभा आहे, आणि डॉक्टर या नात्याने आमच्याकडे सल्ला मागितला जातो, हे आपणांस विदित आहेच.

इंग्लंडमधील शाळांत शेक्सपिअरपासून सुटका नाही. राष्ट्रीय अभ्यासक्रमात तो अनिवार्य आहे आणि सोळाव्या वर्षी होणाऱ्या इंग्रजी साहित्याच्या परीक्षेसाठी त्याचे एक संपूर्ण नाटक अभ्यासावे लागते. आमच्या कन्येच्या शाळेने दोन वर्षांपूर्वी 'मर्चंट ऑफ व्हेनिस' बसविले. ती तेव्हा पंधरा वर्षांची होती. अभ्यासात बरी, परंतु चारचौघांत दोन शब्दांपुढे न बोलणारी. शायलॉकची भूमिका कोणालाच नको होती. मुलांना देखणा बसॅनिओ हवा होता, मुलींना पोर्शिया. नाट्यशिक्षिकेने आमच्या कन्येला वाचावयास सांगितले, आणि इतर सर्वांनी ओरडून वाचलेला उतारा तिने हलक्या आवाजात वाचला, म्हणून भूमिका तिच्याकडे आली. शेक्सपिअरच्या काळी मुलगे स्त्रीभूमिका करीत, आपल्याकडे बालगंधर्वांनी स्त्रीभूमिकांतच आयुष्य वेचले. तेव्हा एका मुलीने दाढी लावली तर रंगभूमीचे काही बिघडत नाही, असा युक्तिवाद तिने आमच्यापुढे केला. तो आम्हांस मान्य झाला.

मग घराची तालीमशाळा झाली. रात्री दवाखान्यातून परतल्यावर आमच्यापैकी एकाने अँटोनिओ व्हायचे आणि दुसऱ्याने पोर्शिया. शिक्षिकेने मुलांना छातीवर हात ठेवावयास सांगून, शेक्सपिअरच्या ओळीची लय हृदयाच्या ठोक्यासारखी असते, आधी हलका आघात व मग जड, असे शिकविले होते. आम्हां डॉक्टरांना राहवेना. हृदयाच्या टोकाशी स्टेथोस्कोप ठेवला तर पहिला ध्वनी मोठा असतो आणि दुसरा लहान. वर, उरोस्थीच्या दोन्ही बाजूंस ऐकले तरच दुसरा मोठा ऐकू येतो. शिक्षिकेचे म्हणणे निम्मे बरोबर होते. कन्येने आमच्याच स्टेथोस्कोपने ही खात्री करून घेतली आणि दुसऱ्या दिवशी साऱ्या वर्गाला ऐकविली.

ज्यांनी हे नाटक वाचलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. व्हेनिसचा व्यापारी अँटोनिओ मित्रासाठी शायलॉक या ज्यू सावकाराकडून तीन हजार डुकॅट कर्ज घेतो. मुदतीत फेड झाली नाही तर अँटोनिओच्या अंगचे एक पौंड मांस, असा करार होतो. हाच अँटोनिओ शायलॉकला भर बाजारात कुत्रा म्हणत आला आहे, त्याच्या अंगरख्यावर, दाढीवर थुंकत आला आहे, आणि पैसे मागताना, यापुढेही थुंकेन, असे बजावतो. व्हेनिसमध्ये १५१६ साली ज्यूंसाठी स्वतंत्र वस्ती ठरविण्यात आली होती. रात्री तिचे दरवाजे बाहेरून बंद होत आणि दिवसा बाहेर पडताना ओळख पटेल असा रंग अंगावर बाळगावा लागे. 'घेटो' हा शब्द तिथूनच जगभर गेला. खुद्द इंग्लंडने १२९० साली ज्यूंना देशाबाहेर घालविले होते आणि १६५६ पर्यंत परत घेतले नव्हते, म्हणजे १५९६-९७ च्या सुमारास हे नाटक पाहणाऱ्या बहुतेक लंडनकरांनी उघडपणे ज्यू म्हणून वावरणारा माणूस पाहिलेलाच नव्हता. या नाटकाचा दुरुपयोगही पुष्कळ झाला आहे. १९४३ साली नात्सी अमलाखालील व्हिएन्नात ते ज्यूद्वेषासाठीच रंगविण्यात आले. शिक्षिकेने हे सारे मुलांना आधी सांगितले होते, हे आम्हांस विशेष वाटले.

तालमींत एके दिवशी तिने मुलांना विचारले, ज्याच्या अंगावर वर्षानुवर्षे थुंकले गेले आहे, तो माणूस उभा कसा राहील? आमची कन्या पाठीला बाक काढून, खांदे पाडून उभी राहू लागली. त्या दिवसांत आमचे वडील आमच्याकडे मुक्कामाला होते. वय ऐंशीच्या पुढचे. शेक्सपिअर त्यांना नावापुरताच ठाऊक. कोचावर बसून ते नातीची तालीम पाहत होते. म्हणाले, "वाकू नकोस, बाळ. असा माणूस वाकत नाही. तो अंतर राखतो."

आणि मग, आम्हां मुलांनाही ज्या गोष्टी त्यांनी कधी तपशिलाने सांगितल्या नव्हत्या, त्या नातीला सांगितल्या. दुकानाच्या पायरीवर पैसा ठेवायचा आणि तीन पावले मागे सरायचे. दुकानदार पैशावर पाणी शिंपडून तो उचलणार, मग गुळाचा खडा वरून ओंजळीत टाकणार. समोरच्याचा हात कुठवर पोहोचतो आणि आपली सावली कुठवर पडते, हे डोळ्यांनी मापण्याची सवय पायांनाच लागलेली असे. पेशवाईत पुण्यातील अस्पृश्याला थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून गळ्यात मडके बांधून हिंडावे लागे, असे बाबासाहेबांनी १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये नमूद केले आहे. कन्येने ते वाचले होते. पण वाचलेले पायांत उतरत नाही. आजोबांनी खोलीत उभे राहून दाखविले, तेव्हा ते उतरले.

प्रयोगाच्या रात्री पहिल्या अंकात तिने कराराचा कागद मेजावर ठेवला आणि कोणी काही न म्हणता तीन पावले मागे सरली. अँटोनिओ झालेला मुलगा पुढे आला, तशी ती आणखी एक पाऊल हटली. इतकेच. सभागृहात बहुतेक पालक गोरे होते. त्या पावलांचा इतिहास त्यांना कोठून ठाऊक असणार? तरी खुर्च्यांची कुरकुर थांबली. पुढे न्यायालयाच्या प्रवेशात ती प्रथमच अंतर मोडून अँटोनिओच्या अगदी जवळ गेली, तेव्हा सुरी हातात नसती तरी भीती वाटली असती. या प्रवेशात शायलॉक सूडाने आंधळा झालेला आहे आणि तिने तो तसाच दाखविला. त्याला बिचारा केले नाही. हे आम्हांस त्या वयाच्या मानाने मोठे वाटले.

खटल्याच्या अखेरीस शायलॉकची मालमत्ता जाते, आणि शिवाय त्याने धर्म बदलून ख्रिस्ती व्हावे असा हुकूम होतो. तो कबूल होतो आणि आपली प्रकृती ठीक नाही, घरी जाऊ द्यावे, एवढेच मागून निघून जातो. रोज वीस-पंचवीस माणसांच्या तोंडून हेच वाक्य ऐकणारी आम्ही माणसे. पण त्या रात्री ते ऐकून आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले नाही. घरी परतताना मोटारीत कन्येने विचारले, "आजोबा, नागपूरला तुम्हांला कोणी जायला सांगितलं होतं?" ते म्हणाले, "सांगणारं कोण? तिकिटाला पैसे उसने काढले आणि गेलो." १४ ऑक्टोबर १९५६ ला ते वीस वर्षांचे होते. पुढे घर येईपर्यंत ती दोघेच बोलत होती.

त्याच रात्री बाहेरच्या दालनात एक भारतीय पालक मोठ्या कौतुकाने भेटले. मुलीचे काम फार आवडले म्हणाले. मग आडनाव विचारले, मग गाव विचारले, आणि मग त्यांना घाई असल्याचे आठवले. एवढे सांगून तो विषय सोडतो.

आता जे घडले त्याकडे वळतो. कन्या यंदा सतरा वर्षांची आहे. या देशात वैद्यकीय प्रवेशाचे अर्ज ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत द्यावे लागतात. तिला गुण आहेत. तिने अर्ज दिला नाही. त्याऐवजी दोन नाट्यशाळांकडे अर्ज केले. आपल्यापैकी पुष्कळांना हे ऐकून धक्का बसेल. आम्हांलाही रात्रभर झोप नव्हती. आमच्या घराण्यात वैद्यकाची परंपरा फक्त आमच्यापुरतीच जुनी आहे. शिष्यवृत्तीचा धनादेश उशिरा आला की खानावळवाल्याला तोंड चुकवायचे, अशा दिवसांतून ती पदवी आली. ती पुढच्या पिढीत एकदम सोडून द्यावयाची?

शिवाय आपल्या लोकांच्या मनात रंगमंचाविषयी जो संकोच आहे तो अज्ञानातून आलेला नाही. तमाशा, वाजंत्री, इतरांच्या करमणुकीसाठी नाचणे हे गावगाड्याने आपल्या पूर्वजांच्या माथी मारलेले काम होते. पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून देऊ केलेली रक्कम बाबासाहेबांनी नाकारल्याची हकीकत आपल्या घराघरांत सांगितली जाते. आमच्या आजीने ती आम्हांस सांगितली होती आणि तिचा अर्थ आम्ही आजही हलका मानीत नाही.

पण त्याच परंपरेची दुसरी बाजूही आहे. भीमराव कर्डकांनी जलशाचा साचा घेऊन त्यातील शृंगार काढून टाकला आणि बाबासाहेबांचे विचार खेडोपाडी नेले. १९५५ साली तेव्हाच्या औरंगाबादेतील मिलिंद महाविद्यालयात प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' हे नाटक झाले, ज्यात युगायुगांतील अस्पृश्यतेची व्यथा मांडलेली आहे. आमचे वडील त्या वेळी तेथे विद्यार्थी होते. ते म्हणतात, "नाटकातला माणूस आपल्यासारखा बोलतोय, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं." महाविद्यालयीन मुलांनी केलेले ते नाटक, म्हणजे आमच्या कन्येच्या शाळेतील प्रयोगाचे थोरले भावंडच म्हणावयाचे.

डॉक्टरी आणि नाटक यांचे वैर आहे असेही नाही. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते. १९६९ साली व्यवसाय सोडून पूर्णवेळ नट झाले आणि पुढच्याच वर्षी 'नटसम्राट' मध्ये उभे राहिले. डॉ. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ राहूनच नट झाले. बाबासाहेबांवरील २००० सालचा चित्रपट दिग्दर्शित करणारे डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ. आम्ही ही नावे कन्येला मोठ्या आशेने सांगितली. ती म्हणाली, "पण बाबा, ते सगळे आधी डॉक्टर झाले, कारण घरचे ऐकत नव्हते." आगाशे सरांच्या बाबतीत हे खरे नसावे. पण तिच्यापुढे बोलणे खुंटले.

तिने आम्हांला दुसरे एक नाव सांगितले, आयरा आल्ड्रिज. १८०७ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला हा कृष्णवर्णी मुलगा कृष्णवर्णीयांच्या मुलांसाठी चाललेल्या शाळेत शिकला आणि अभिनयासाठी १८२४ साली इंग्लंडला आला. १८२८ साली येथून जवळच, कोव्हेंट्रीच्या नाट्यगृहाचा तो व्यवस्थापक होता. १८१४ मध्ये शायलॉकला विदूषकपणातून बाहेर काढणारा थोर नट एडमंड कीन १८३३ साली ऑथेल्लो करताना रंगमंचावर कोसळला, आणि लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये ती भूमिका आल्ड्रिजने केली. लंडनच्या वृत्तपत्रांनी त्याच्या रंगावरून त्याची जी निर्भर्त्सना केली ती आज वाचवत नाही. त्याने गावोगावी प्रयोग केले, रंगमंचावरून गुलामगिरीविरुद्ध बोलला, पुढे युरोपभर कीर्ती मिळविली आणि शायलॉकही केला. १८६७ साली पोलंडमधील वुजच्या मुक्कामी तो वारला. त्याच वर्षी महादेवशास्त्री कोल्हटकरांचे 'ऑथेल्लो' मराठीत प्रसिद्ध झाले. या योगायोगाला अर्थ काही नाही, पण आम्हांला तो आवडला.

नटांपैकी बहुतेकांना बहुतेक काळ काम नसते, हे आम्ही कन्येला स्पष्ट सांगितले आहे. घराचे दार व जेवण कायम राहील, तीन वर्षांचे शुल्क आम्ही पाहू, त्यापुढे तिने पाहावे, असे ठरले आहे. एका नाट्यशाळेने पहिल्याच फेरीत नकार कळविला. दोन दिवस ती खोलीबाहेर आली नाही. दुसरीकडून पुढील फेरीचे बोलावणे आले आहे. निकाल काय लागेल ते सांगता येत नाही आणि भीतीही गेलेली नाही.

यातून मंडळापुढे आमची एक सूचना आहे. एप्रिलमधील जयंतीला आपली मुले दरवर्षी भाषणे पाठ म्हणतात व गीतावर नृत्य करतात. यंदा त्यांनी 'युगयात्रा' तील एक प्रवेश करावा. वडिलांच्या पेटीत त्याची जुनी प्रत आहे. तिची झेरॉक्स आम्ही काढून आणली आहे. ज्या मुलांना देवनागरी वाचता येत नाही त्यांच्यासाठी संवाद रोमन लिपीत लिहून देण्याचे काम आमच्या सौभाग्यवतींनी पत्करले आहे. तालमी कन्या घेईल, दर रविवारी दुपारी दोन ते पाच, याच सभागृहात. आठ मुले हवीत, शिवाय दिवे सांभाळायला दोन मोठे मुलगे, आणि उभे कसे राहावे हे दाखवू शकतील अशा ज्येष्ठांनी शक्यतो पहिल्या तालमीला यावे. नावे चहाच्या वेळी आमच्याकडे द्यावीत.

जय भीम.