परदेशस्थ विद्यार्थ्याचे देशदर्शन

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



शिष्यवृत्ती-निधीविषयी आम्ही चार शब्द बोलावेत, अशी कार्यवाहांची आज्ञा झाली. निधीचा जमाखर्च छापील अहवालात आहेच. तो वाचून आपला वेळ आम्ही घेणार नाही. त्याऐवजी आमच्या हातून घडलेल्या एका चुकीचा हिशेब आपणांपुढे ठेवावा, असे आम्ही योजिले आहे.

आमच्या भगिनीचा नातू या निधीच्या साहाय्याने इंग्लंडातील लेस्टर येथे उच्च शिक्षणासाठी गेला. त्यास जाऊन महिना-दीड महिना झाला असेल. २८ ऑक्टोबर २०२३ हा शनिवार, कोजागिरीचा दिवस होता. त्या रात्री चंद्रग्रहण असल्यामुळे दूध प्यावे की न प्यावे याचा खल करीत काही मंडळी संध्याकाळी आमच्या ओटीवर बसली होती. इतक्यात भ्रमणध्वनीवर चिरंजीवांचे छायाचित्र आले. अंगणात बसविलेल्या एका धातूच्या पट्टीच्या दोन बाजूंस दोन पाय ठेवून ते हसत उभे होते. खाली लिहिले होते, ‘‘दोन दिवस लंडन पाहायला आलो आहे.’’

एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, ‘‘गुरुजी, निधीचा पैसा सहलीसाठी असतो वाटते!’’ आम्ही निधीच्या समितीवर असल्याने ते वाक्य आम्हांस झोंबले. आम्ही तत्काळ लिहून पाठविले, ‘‘तुला शिकण्यास पाठविले आहे, हिंडण्यास नव्हे.’’ एका ओळीचे उत्तर आले : ‘‘आजोबा, उद्या दुपारी एक वाजता फोन करतो.’’

त्याचा एक म्हणजे आपले साडेपाच, हे त्या दिवशीच्या घड्याळावरून आम्ही ठरविले. दुसरे दिवशी साडेपाच वाजले, सहा वाजले, तरी फोन नाही. ‘‘तुझ्या बोलण्याने पोर दुखावले,’’ असे म्हणून बहिणीने डोळ्यांस पदर लावला. बरोबर साडेसहाला घंटा वाजली. ‘‘आजोबा, मी वेळेवरच आहे. आज पहाटे इकडची घड्याळे एक तास मागे घेतली. कालपर्यंत अंतर साडेचार तासांचे होते, आजपासून साडेपाचांचे. आणि काल मी उभा होतो ते तुमचे शून्य रेखावृत्त!’’

बंधूंनो, आमचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. परंतु मुलांना भूगोल आम्ही जन्मभर शिकविला. ग्रीनिच शून्य अंशावर, आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी पूर्व रेखांशाची, एका अंशास चार मिनिटे, म्हणून आपण ३३० मिनिटे पुढे. हे गणित आम्ही फळ्यावर किती वेळा मांडले याची गणती नाही. परंतु उन्हाळ्यात इंग्लंड आपली घड्याळे तासभर पुढे सारते आणि अंतर साडेचार तासांवर येते, याचा विचार आमच्या मनास कधी शिवला नाही. जो पोरगा केवळ हिंडत आहे असे आम्ही समजत होतो, त्याने आम्हांस आमचाच धडा शिकविला.

त्याने मग दोन दिवसांची हकीकत सांगितली. पहाटेच्या बसने, पाव व शेंगदाण्याची चटणी बरोबर घेऊन तो निघाला. टेम्स नदीच्या तळाखालून पायी जाण्यासाठी १९०२ मध्ये खुला झालेला बोगदा आहे. त्यातून तो फुकट ग्रीनिचला पोहोचला. वेधशाळेचे तिकीट मात्र काढावे लागले. तिच्या माथ्यावरील लाल गोळा १८३३ पासून जहाजांना वेळ कळावी म्हणून दुपारी एकच्या ठोक्यास खाली सोडला जाई. तो आजही सोडला जातो. १८८४ च्या वॉशिंग्टन परिषदेने हेच रेखावृत्त आरंभीचे मानले. मात्र आजच्या उपग्रहांवर चालणाऱ्या यंत्रांत शून्य अंश त्या पट्टीवर नव्हे, तर सुमारे १०२ मीटर पूर्वेस दिसतो! आमच्या पुस्तकात हे नव्हते.

तेथे त्याने जॉन हॅरिसनची घड्याळे पाहिली. हा सुताराचा मुलगा आणि स्वतःही सुतार; विद्यापीठाची पायरी तो चढला नव्हता. भर समुद्रात रेखांश कसे काढावेत, या प्रश्नाच्या उत्तरासाठी ब्रिटिश पार्लमेंटने १७१४ मध्ये २०,००० पौंडांपर्यंत बक्षीस लावले होते. निघाल्या ठिकाणची वेळ बिनचूक राखणारे घड्याळ जहाजावर असले, की सूर्यावरून मिळणाऱ्या स्थानिक वेळेशी ती ताडून रेखांश निघतात. परंतु डुलत्या जहाजावर लंबक चालेना. हॅरिसनचे १७३५ चे पहिले सागरी घड्याळ सुमारे ३४ किलो वजनाचे. १७५९ चे चौथे तळहातावर मावेल असे. जमैकाच्या ८१ दिवसांच्या प्रवासात ते अवघे पाच सेकंद मागे पडले. तरी बक्षीस देणाऱ्या मंडळातील विद्वानांचा सुतारावर विश्वास बसेना. अडविलेल्या रकमेचा मोठा भाग त्यास १७७३ मध्ये पार्लमेंटकडून मिळाला, तेव्हा तो ८० वर्षांचा होता.

रविवारचा तो फोन चिरंजीवांनी किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरासमोरून केला होता. तेथे १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थी म्हणून राहत. महाराष्ट्र शासनाने ती वास्तू २०१५ मध्ये विकत घेतली. बाबासाहेब प्रथम १९१६ मध्ये लंडनला गेले. बडोद्याची शिष्यवृत्ती संपताच १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांस परतावे लागले. सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठविलेला पैसा, शाहू महाराजांचे व नवल भथेना या मित्राचे साहाय्य, एवढ्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा गेले. केवळ आपापल्या मुलांकडे पाहणाऱ्या आमच्यासारख्या ज्ञातिसंस्थांनी तर हे नाव विशेष नम्रतेने घ्यावे. चिरंजीव म्हणाला, ‘‘आजोबा, तुमच्या निरोपाचा राग नाही. पण या दारापुढे उभा राहिलो, तेव्हा शिष्यवृत्ती बंद होणे म्हणजे काय, ते कळले.’’

यावर आम्हांस उत्तर सुचले नाही. हॅरिसनला अडविणारे विद्वान आणि ओटीवरून निरोप धाडणारे आम्ही, यांत फरक तो काय? मागाहून कळले, की या दोन दिवसांचा खर्च त्याने एका उपाहारगृहात भांडी घासून मिळविला होता. निधीची पै त्यात नव्हती. परंतु तो निधीतून झाला असता, तरी आज आम्ही त्यास दोष देणार नाही. ज्यांनी त्या दिवशी शंका काढली ते गृहस्थ येथे उपस्थित आहेत. शंका विचारणे हा त्यांचा अधिकार होता. मुलाचे म्हणणे न ऐकता निवाडा देणे, ही चूक आमची.

अभ्यास बुडवून भटकावे, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. परीक्षा प्रथम, कर्तव्य प्रथम. परंतु ज्या देशात मूल राहते तो देश त्याने पाहिलाच नाही, तर पदवी पदरात पडूनही शिक्षण अपुरे राहील. म्हणून विश्वस्तांस आमची विनंती, की परदेशी जाणाऱ्या प्रत्येक मुलामुलीस शिष्यवृत्तीबरोबर देशदर्शनासाठी अल्पशी रक्कम वेगळी द्यावी आणि पाहिलेल्या गोष्टींचा वृत्तांत या स्मरणिकेसाठी लिहून घ्यावा. त्या कामी आमच्या निवृत्तिवेतनातून पहिले ५,००० रुपये आम्ही आजच खजिनदारांकडे सुपूर्द करीत आहोत.

आईबापांसही एक सांगणे आहे. फोनवर ‘जेवलास का’ आणि ‘गुण किती’ हे अवश्य विचारा. पण ‘या आठवड्यात काय पाहिलेस’ हेही विचारीत जा, आणि ते सांगू लागले की मध्ये बोलू नका.