कमरेची सुई घेण्याआधी

रोवणा आटोपला. दिवसभर चिखलात वाकून आपल्या कमरा धरल्या आहेत. आमच्या बचत गटाच्या वहीत या हंगामात छोटी छोटी कर्जं निघाली, ती बरीचशी एकाच कारणासाठी: कमरेची सुई. संध्याकाळी सुई घ्यायची, सकाळी पुन्हा बांधीत उतरायचं. रोजी बुडू नये म्हणून आम्हीही हेच केलं.

पण त्या सुईत काय असतं, हे आम्ही कधी विचारलंच नाही. कुल्ल्यावर टोचतात ते बहुतेक वेळा दुखणं दाबणारं औषध असतं, कधी त्यात स्टेरॉइडही असतं. दोन दिवस बरं वाटतं, दुखण्याचं मूळ तसंच राहतं. असं वारंवार घेतलं तर पोट आणि मूत्रपिंड बिघडू शकतं. स्टेरॉइडनं रक्तातली साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात.

सांध्यातलं इंजेक्शन वेगळं असतं. पाठीचा कणा खाली कमरेच्या मोठ्या हाडांना मिळतो, तिथं दोन्ही बाजूंना एकेक सांधा आहे. बाळंतपणात तो सैल होतो. तो दुखावला की एका बाजूला, कुल्ल्याच्या वरच्या भागात कळ येते. बसून उठताना, पायरी चढताना वाढते. हाडांचे डॉक्टर आधी तपासतात, व्यायाम आणि गोळ्या देतात. त्यानं भागलं नाही, तरच एक्स-रे किंवा सोनोग्राफीत बघत नेमकी त्या सांध्यात सुई देतात. त्यात बधिर करणारं औषध आणि स्टेरॉइड असतं. लगेच कळ थांबली, तर दुखणं त्याच सांध्याचं हेही समजतं. आराम काही आठवडे, कधी काही महिने टिकतो. तेवढ्या काळात व्यायाम करून कंबर बळकट करायची असते.

आणि प्रत्येक कंबरदुखी हाडाचीच नसते. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 बायांची तपासणी केली. 1989 साली ते संशोधन छापून आलं. शंभरातल्या 92 जणींना स्त्रीरोग निघाला, आणि त्याआधी बहुतेकींची तपासणीच झालेली नव्हती. अंगावरून पांढरं जात असेल, ओटीपोट दुखत असेल, तर ते लाज न धरता सांगा. अशा दुखण्याला कमरेच्या सुईचा उपयोग नाही.

म्हणून सुई घेण्याआधी तीन गोष्टी विचारा: मला झालंय काय? सुईत औषध कोणतं? ती देणार कुठं? साखर, सिकलसेल किंवा पोटात बाळ असेल, तर तुम्ही आधी सांगा. पाय लुळा पडला, बसायची जागा बधिर झाली, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, तर त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठा. ताप येत असेल, वजन घटत असेल, तरी तपासणी लांबवू नका.

आमच्या गटानं आता ठरवलंय, कमरेसाठी कर्ज द्यायचं ते आधी तपासणीला. तुमच्याही बैठकीत हा विषय काढा, बायांनो.