दूरध्वनीवरील अटक

मनुष्यास अटक कशी करावी, हें कायद्यानें ठरवून दिलें आहे. तो शब्दानें अथवा कृतीनें आपण होऊन स्वाधीन होत नसेल, तर पोलिस अधिकाऱ्यानें त्याच्या अंगास प्रत्यक्ष हात लावावा किंवा त्यास अडवून ठेवावें, असें १९७३ च्या फौजदारी संहितेचें ४६ वें कलम सांगत असे. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचें ४३ वें कलमहि तेंच सांगतें. टेलिफोनवरून अटक करण्याची तरतूद यांत कोठेंच नाहीं. तरीहि ‘डिजिटल अटक’ या नांवाखालीं शहरांतील सुशिक्षित कुटुंबें, विशेषतः त्यांतील वृद्ध मंडळी, गेलीं कांहीं वर्षें लुबाडलीं जात आहेत.

बोलणारा आरंभीं फार नम्र असतो. आपल्या नांवानें परदेशीं निघालेलें पार्सल अडविण्यांत आलें असून त्यांत अंमली पदार्थ सांपडले आहेत, किंवा आपल्या आधार क्रमांकावर उघडलेल्या खात्यांतून काळा पैसा फिरला आहे, असें तो सांगतो. ‘अहो, असलें पार्सल आमचें नव्हे,’ असें गृहस्थ कळवळून म्हणतात. ‘तें आम्ही जाणतों, साहेब. आपण सज्जन आहांत. तक्रार तेवढी नोंदवा, पोलिसांशीं जोडून देतों.’ लगेच पडद्यावर गणवेषांतला अधिकारी अवतरतो आणि नम्रता संपते. कॅमेरा बंद करावयाचा नाहीं, खोलीबाहेर पडावयाचें नाहीं, आणि घरांत कोणास एक अक्षरहि सांगावयाचें नाहीं. सांगितल्यास तींहि माणसें या प्रकरणांत गोंवलीं जातील!

साऱ्या नाटकाचा जीव या शेवटच्या आज्ञेंत आहे. भाड्याचा गणवेष आणि खोटा शिक्का दुसऱ्या डोळ्यांपुढें टिकत नाहींत. ‘कोणाचा हो फोन?’ एवढें स्वयंपाकघरांतून कोणी विचारलें आणि त्यास खरें उत्तर मिळालें, तरी डाव मोडतो. अडाणी माणूस फसतो ही समजूत येथें लागू पडत नाहीं. सरकारी कागदाचा मान राखण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्यालाच राजमुद्रेचा कागद पाहून घाम फुटतो. २०२४ सालीं लुधियानाच्या एका वयोवृद्ध उद्योगपतींपुढें तर या भामट्यांनीं सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणीच उभी केली, तत्कालीन सरन्यायाधीशांचें सोंग आणलें, आणि सात कोटि रुपये काढून घेतले. सुदैवानें त्यांतील मोठी रक्कम पोलिसांनीं पुढें परत मिळविली.

असे टेलिफोन करणारा प्रत्येक जण आपखुषीनेंच तें काम करितो असेंहि नाहीं. नोकरीच्या आमिषानें म्यानमार, कंबोडिया येथें नेऊन तेथें कोंडलेले अनेक तरुण या धंद्यास जुंपलेले आढळले. मार्च २०२५ मध्यें म्यानमारमधून सुटलेल्या अशा पांचशेंहून अधिक भारतीयांना वायुसेनेच्या विमानांनीं परत आणावें लागलें.

शेवटची मागणी पैशाची असते: ‘सर्व ठेवी तपासणीसाठीं या सरकारी खात्यांत भरा, निर्दोष ठरतांच परत मिळतील.’ कोणतेंहि न्यायालय किंवा रिझर्व्ह बँक अशी रक्कम मागवीत नाहीं. हें ऐकतांच टेलिफोन खालीं ठेवावा. निरोप घेण्याचें सौजन्यहि दाखवूं नये. शंका उरलीच, तर जवळच्या पोलिस ठाण्यांत स्वतः जाऊन विचारावें.

पैसे गेलेच असतील, तर मात्र घटकेघटकेला मोल आहे. ती रक्कम भाड्यानें घेतलेल्या खात्यांतून भराभर पुढें सरकते, आणि ती वाटेंत गोठविली गेली तरच हातीं लागण्याची आशा असते. येथें चोराला मोठें साहाय्य होतें तें घरच्यांच्या जिभेचें. ‘बाबा, तुम्हांला कितीदां सांगितलें!’ हें चिरंजीवांचें वाक्य टाळण्यासाठीं कित्येक वडीलधारी माणसें आठवडाभर गप्प राहतात, आणि तेवढ्यांत खातें रिकामें होतें. चिरंजीवांनीं तें वाक्य निदान त्या दिवशीं तरी गिळावें, आणि वडिलांजवळ बसून १९३० हा क्रमांक फिरवावा. बँकेचें नांव, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक हाताशीं ठेवावा. भामट्यांचे निरोप व खोटे कागद संतापाच्या भरांत पुसून टाकूं नयेत, पोलिस पुढें तेच मागतात.