‘गावी आई एकटीच असते ना?’



गेली अठरा वर्षं मी कॅलिफोर्नियात सॉफ्टवेअरचं काम करते. पण आज सांगणार आहे ती गोष्ट साकीनाक्यात सुरू होते.

आम्ही खैरानी रोडला चाळीत राहायचो. खालच्या गाळ्यातल्या बिहारी कारागिराने थकलेली मजुरी मागितली. त्याला कुणी हात लावला नाही. एवढंच विचारलं, “गावी आई एकटीच असते ना?” बाबा त्याला तक्रार द्यायला घेऊन गेले. “मारलं का? नाही? मग लिहू काय?” तो मजुरी सोडून गावी गेला.

पुढे कळलं, १८६०च्या दंडसंहितेचं कलम ५०३ जवळच्या माणसाला इजा करण्याच्या धमकीलाही गुन्हाच म्हणत होतं. आज न्यायसंहितेत ते ३५१ आहे. कायदा होता, लिहून घेणाऱ्याला ओळखता आला नाही.

हीच धमकी परदेशातलं सरकार देतं तेव्हा? न्यूयॉर्कच्या चायनाटाऊनमध्ये चीनसाठी छुपं पोलीस ठाणं चालवल्याच्या आरोपावरून एप्रिल २०२३मध्ये दोघांना अटक झाली. त्याच जूनमध्ये कॅनडात हरदीपसिंग निज्जरची हत्या झाली. कॅनडाने भारताकडे बोट दाखवलं, भारताने आरोप फेटाळला.

२०२५मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने सिनेट बिल ५०९ मंजूर केलं. त्यात नवा गुन्हा नव्हता. परक्या सरकारची दहशत ओळखायचं प्रशिक्षण पोलिसांना द्यायचं होतं. शीख संघटना बाजूने होत्या. काही हिंदू संघटना विरोधात. खलिस्तानला विरोध करणाऱ्यालाच उद्या भारताचा हस्तक ठरवतील, ही त्यांची भीती. ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी नकाराधिकार वापरला. व्याख्या कायद्यात बांधल्या तर राज्याची लवचिकता जाईल, केंद्राच्या कामाशी मेळ बसणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

त्या काळात आमच्या मराठी ग्रुपवर विरोधाचं पत्र फिरत होतं. ऑफिसातली पंजाबी मैत्रीण पाठिंब्याचं पत्र घेऊन आली. तिचे आईवडील लुधियान्याला असतात. त्यांच्या काळजीने ती फेसबुकवर चकार शब्द लिहीत नाही. मी कुठेच सही केली नाही. “बघते,” म्हणाले आणि विषय बदलला.

मित्रांनो, त्याची मला लाज वाटते. दोन्ही भीती खऱ्या होत्या आणि दोन्हींना उत्तर देता आलं असतं. पोलिसांनी धमकी नोंदवावी. माणसाचा धर्म, देश, मत नोंदवू नये. प्रशिक्षणात काय शिकवतात ते सर्वांना वाचायला खुलं असावं. एवढ्या दोन ओळी मी लिहून पाठवू शकले असते.

नागरिकशास्त्राच्या बाई समोर बसल्या आहेत. बाई, तुमचा तास वीस मार्कांचा समजून आम्ही खिडकीबाहेर बघायचो. बिल पुन्हा येईल तेव्हा मी त्या दोन ओळी पाठवीन. आणि इथे तुमच्या ओळखीत कुणाला गावाकडच्यांवरून धमकी आली, तर त्याच्याबरोबर चौकीत जा आणि ३५१ हा आकडा सांगा. बाबांना तो माहीत नव्हता.